झिपरीच्या केसांना काय लावायचं

६ फेब्रुवारी

मायना काय लिहावा या विचारात दोन कागद वाया गेले. 'सुनबाई' लिहावं तर तो हक्क कोर्टाच्या कागदांबरोबर गेला. नावाने लिहावं तर अकरा वर्षांत मी तुला कधी नावाने हाक मारली नाही, आज मारली तर तूच दचकशील. तेव्हा मायना सोडून देते. पत्र तुलाच आहे.

तुझं कार्ड काल दुपारी आलं. "झिपरीच्या केसांना तुम्ही काय लावायचात ते लिहून पाठवा. गुंता सुटत नाही. शाळेतून चिठ्ठी आली आहे." वर 'आई' नाही, खाली सही नाही. मी ते चार वेळा वाचलं, खुर्चीत बसून थोडी रडले, मग उठून चहा केला. दोन वर्षांत तू मला पहिल्यांदा काहीतरी विचारलंस. जीव भांड्यात पडला, दुसरं काय म्हणू.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर तू म्हणशील म्हातारी पाल्हाळ लावते.

अर्धी वाटी जवस घे, त्यात तीन वाट्या पाणी घाल. मंद आचेवर ठेव आणि ढवळत राहा, कानाला फोन लावून नव्हे. दहाएक मिनिटांनी पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होईल आणि चमच्यावरून तार सुटेल. त्या क्षणी उतरव आणि गरम आहे तोवर गाळ. गार झालं की ते चाळणीला असं चिकटून बसतं की ब्रह्मदेव आला तरी खाली उतरायचं नाही. मी जुन्या पातळ पायमोज्यातून पिळायचे. धुतलेल्या. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आमच्या थिएटरातल्या विगांच्या खोलीत एकीने न धुतलेला वापरला होता आणि नाटकातल्या राणीने पूर्ण अंकभर नाक मुरडलं होतं.

त्यात चमचाभर कोरफडीचा गर आणि चार थेंब खोबरेल घाल. बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेव, आठवडा टिकतं. वास बदलला की फेकून दे, जीव अडकवू नकोस.

केस आधी ओले कर. चार भाग करून चिमटे लाव. मग एकेक भाग मोकळा करून जेल चोपड आणि खालच्या टोकापासून वर सरकत जा. आधी बोटांनी, मग जाड दातांच्या कंगव्याने. मुळाशी एका हाताने केस घट्ट धर म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही. हे मला कोणी शिकवलं माहीत आहे का? झिपरीनेच. पस्तीस वर्षं माझ्यासमोर लाकडी डोकी होती, त्यांतल्या एकानेही कधी 'आई गं' म्हटलं नाही, त्यामुळे माझा हात जड. ती तीन वर्षांची असताना मला म्हणाली, "आजी, माझं डोकं लाकडाचं नाहीये." तेव्हापासून मी मुळाशी धरायला लागले.

एवढंच लावायचे. दुसरं काही नाही.

तिला माझ्याबद्दल काही सांगायचं की नाही, ते तुझ्यावर.

तिची आजी


२० फेब्रुवारी

या वेळी पानभर लिहिलंस. पहिला घाणा गोळा होऊन पातेल्यातच राहिला हे वाचून मला हसू आलं, राग मानू नकोस. तू नक्की मध्येच कुठेतरी उठून गेलीस. तुझ्या हाताला उरक आहे, पण एका जागी उभं राहणं तुझ्या कुंडलीत नाही. मी तुझ्याबरोबर एका स्वयंपाकघरात नऊ वर्षं काढली आहेत.

दुसरा घाणा जमला, डावी बाजू पूर्ण सुटली, उजवीकडे कानामागे एक गठ्ठा राहिला. तो कापू नकोस. रोज जेल लाव आणि सुईसारख्या टोकाच्या काडीने एकेक केस बाहेर काढ. विगमध्ये आम्ही तीन-तीन दिवस एका गठ्ठ्याशी बसायचो. तो सुटतोच, फक्त आपण त्याच्यापेक्षा जास्त हट्टी असावं लागतं, आणि त्या बाबतीत तुला कमी समजणारी मी नव्हे.

केळ्याचं विचारलंस. केळं चांगलं, केस मऊ होतात, पण मिक्सरमधून काढून वर कापडातून गाळल्याशिवाय लावायचं नाही. मी एकदा नुसतं काट्याने कुस्करून लावलं होतं, तू बाहेर गेली होतीस तेव्हा. झिपरीच्या डोक्यातून दोन दिवस केळ्याचे कण निघत होते आणि तू आल्यावर मी म्हटलं, हिने खेळताना काहीतरी सांडून घेतलं असेल. हे आज कबूल करते. अंडं लावलंस तर धुताना पाणी गार घे. गरम पाण्याने ते केसांतच शिजतं.

तू लिहिलंयस की दोन वर्षं तिच्या डोक्याला साध्या पाण्याशिवाय काही लावलं नाहीस, शॅम्पूही नाही. "भीती वाटते." एवढंच कारण दिलंस. ते वाचून मी पुढच्या ओळीवर गेले आणि परत मागे आले.

झिपरी शेवटी डोक्यावर ओतायच्या त्या चमकीच्या पाण्याचं विचारते म्हणतेस. ते मला आता नीट आठवत नाही. वय झालं. ते सोड, जेल पुरेसं आहे.

माझा मुलगा बोटीवर आहे, इंजिनरूममध्ये. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत बंदराला लागणार नाही. सुखरूप आहे. तू विचारलं नाहीस, पण सांगितलं.

तिची आजी


२८ फेब्रुवारी, गुरुवार

आधी हे वाच. ते पाणी झिपरीच्या डोक्यावर ओतू नकोस.

तुझ्याबरोबर गेलेल्या कंगव्यांच्या डब्यात तुला जी चिठ्ठी सापडली, "निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी", ती माझ्याच हातची आहे, पण ती विगसाठी आहे. विगसाठी मी वापरायचे ते व्हिनेगर खाण्याचं नव्हतं, फरशा धुतात तसलं कडक होतं. विगच्या खाली कातडी नसते. माणसाच्या डोक्याला ते जाळतं. तू लिहिलंस की रविवारी करणार आहेस, सोमवारी शाळेचा फोटो आहे म्हणून. करू नकोस. झिपरीला मी लावायचे ते जेवणातल्या सौम्य व्हिनेगरचं, लिटरभर पाण्यात एक चमचा. तेवढंच. पण आता तेही राहू दे.

तुझा जुना फोन लागत नाही, नवा नंबर माझ्याकडे नाही, बोटीवर संपर्क होत नाही. शेजारची नर्स उद्या सकाळच्या गाडीने तुमच्या बाजूला निघाली आहे, बहिणीकडे पोचून शनिवारी तुझ्या दारात येईल. पत्र तुझ्या हातातच द्यायला सांगितलं आहे.

आता उरलेलं. वरचं वाचून तुला अर्धं कळलंच असेल, तू मठ्ठ कधीच नव्हतीस.

दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी मी एक विग घरी आणला होता. दुसऱ्या दिवशी प्रयोग होता आणि थिएटरच्या नळाला पाणी नव्हतं. बाथरूममध्ये एका स्टुलावर झिपरी, शेजारच्या स्टुलावर लाकडी डोकं. दोघांना एकाच पातेल्यातलं जेल लावलं, ती त्या डोक्याशी गप्पा मारत होती, त्याला 'ताई' म्हणत होती. शेवटच्या पाण्याचे दोन जग भरून ठेवले होते, निळा तिचा आणि पांढरा विगचा. मी पांढरा उचलला आणि तिच्या डोक्यावर ओतला.

ती म्हणाली, "चुरचुरतंय." मी म्हटलं, "चमक येताना थोडं चुरचुरतं." मग मागे वळले तर निळा जग तसाच भरलेला. मी तिचं डोकं नळाखाली धरलं, बराच वेळ धरलं. लाल दिसत होतं, पण ती रडली नाही, म्हणून मला वाटलं, वेळेत धुतलं, निभावलं. तू संध्याकाळी आलीस, तुला जेलचा चिकटपणा दिसला आणि तू नवीन आणलेल्या शॅम्पूने तिचं डोकं धुवायला घेतलंस. ती किंचाळली ती तुझ्या हातात. फोड आले ते तुझ्या हाताखाली.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "आज डोक्याला काय काय लावलं होतं?" तू म्हणालीस, नवीन शॅम्पू. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जेलशिवाय काही लावलं नाही."

माझा मुलगा तेव्हा सुट्टीवर होता. बाहेरच्या बाकापाशी तो तुला जे बोलला ते मी भिंतीला टेकून ऐकलं. तुला पोरीची काळजी नाही, दिसेल ती बाटली उचलून आणतेस, असं काय काय. तेव्हाही मी बोलू शकले असते. दुसऱ्या दिवशीही. तू बॅगा भरत होतीस त्या आठवड्यातही. दर वेळी वाटायचं, आता सांगितलं तर म्हणतील काल का नाही सांगितलं.

तुझ्या शॅम्पूने काही झालं नव्हतं. तुझ्या हाताने काही झालं नव्हतं.

नर्स पत्र घ्यायला खाली थांबली आहे.


६ मार्च

नर्स काल परत आली. म्हणाली, शनिवारी दुपारी चार वाजता तुझ्या हातात दिलं, तू दारातच उघडलंस, पहिली ओळ वाचून तिला "थांबा" म्हणालीस, आत गेलीस, सिंकमध्ये काहीतरी ओतल्याचा आवाज आला, मग बाहेर येऊन "ठीक आहे" म्हणून दार लावलंस. मी तिला ते तीन वेळा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा ती वैतागली.

म्हणजे ओतलं नाहीस. मला एवढंच हवं होतं. आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

बाकीच्याचं उत्तर दे किंवा देऊ नकोस. मी रोज दुपारी पोस्टमनची वाट पाहते हे खरं, पण ती माझी खोड आहे, तुझ्यावर त्याचं ओझं नाही.


१७ मार्च

तुझं पत्र गेल्या आठवड्यात आलं. माझ्याकडच्या सगळ्या पत्रांत सगळ्यात लहान आणि सगळ्यात जड.

तू लिहिलंस: "दोन वर्षं गप्प बसलात याचा राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. आमचं त्याच्याआधीच बिनसलं होतं, तेवढ्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. पण मी माझ्याच मुलीच्या डोक्याला हात लावायला घाबरत होते. तिची वेणीही शेजारणीकडून घालून घेत होते. रविवारी मी तिचं डोकं धुतलं. शॅम्पू लावून, दोन्ही हातांनी. ती गाणं म्हणत होती. धुऊन झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि खूप रडले, आणि मग इतकं हलकं वाटलं की दुपारी दोन तास झोपले. मी दुपारी कधी झोपत नाही."

नाही झोपत. नऊ वर्षांत मी तुला दुपारी आडवं झालेलं पाहिलं नाही. तू त्या दिवशी झोपलीस हे वाचून मला जे वाटलं, ते कुठल्याही शिक्षेपेक्षा जास्त लागलं आणि कुठल्याही बक्षिसापेक्षा बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला समजावता येणार नाही.

खाली तुझी अट: "मला सांगितलंत ते त्यालाही सांगा. पूर्ण सांगा."

तो अकरा तारखेला आला. पहिले दोन दिवस मी त्याला नुसतं खाऊ घातलं, भित्रेपणाचा तोही एक प्रकार आहे. तिसऱ्या दिवशी तो खिडकीपाशी बसून बुटाला पॉलिश करत होता तेव्हा सांगितलं. निळा जग, पांढरा जग, डॉक्टरीण बाई, माझे ते चार शब्द, सगळं. त्याने मध्ये अडवलं नाही. ब्रश फक्त एकाच ठिकाणी फिरत राहिला.

मग म्हणाला, "मी तिला तिथे काय काय बोललो, आई."

म्हटलं, "हो. मी ऐकत होते."

"तू ऐकत होतीस," तो म्हणाला. एवढंच. दुसरा बूट तसाच ठेवून बाहेर गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा ताट स्वतः वाढून घेतलं आणि माझंही वाढलं. रात्री जेवताना म्हणाला, मी तिला माझं मी लिहीन, तू मध्ये पडू नकोस. मी पडणार नाही. तुम्ही दोघं पुन्हा एकत्र या असं माझ्या मनात आलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि खोटं मी आता बंद केलं आहे. पण ती माझी हौस झाली. तुमचं तुम्ही बघा.

पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं नंतर दिसलं. "कानामागचा गठ्ठा सुटत नाही. एखाद्या शनिवारी येऊन बघा. संध्याकाळी परत जायचं."

येत्या शनिवारी येते. संध्याकाळी परत जाते.


२५ मार्च

शनिवारी निघताना नीट बोलता आलं नाही, तू दार धरून उभी होतीस आणि माझी गाडी होती. म्हणून लिहिते.

झिपरी इतकी उंच झाली असेल असं वाटलं नव्हतं. दारात माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आजी आहेस ना, विगवाली?" बरं झालं, निदान धंदा लक्षात राहिला. गठ्ठ्याला दीड तास लागला. तू बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून होतीस, काडी हवी तेव्हा काडी, चिमटा हवा तेव्हा चिमटा, न मागता हातात येत होता. आपण दोघी असं काम पूर्वीही करायचो. तो शेवटचा केस सुटला आणि कंगवा वरपासून खालपर्यंत कुठेही न अडकता गेला, तेव्हा तू जो श्वास सोडलास तो मला पाठीमागून ऐकू आला.

आणि मग तू म्हणालीस, "आता तिलाही सांगा."

खरं सांगू? तिला सांगणं मला सगळ्यात कठीण गेलं. तुला पत्रात सांगितलं, त्याला तो बुटाकडे बघत असताना सांगितलं. ही मात्र स्टुलावर उलटी वळून थेट माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी म्हटलं, तू लहान होतीस तेव्हा तुझ्या डोक्याला फोड आले होते, आठवतात का? ती म्हणाली, "हो. आईच्या शॅम्पूने." किती सहज म्हणाली. तिला ते तिच्या वाढदिवसाच्या तारखेसारखं पाठ होतं.

मी म्हटलं, "नाही गं. आईच्या शॅम्पूने नाही. मी तुझ्या डोक्यावर चुकून विगचं पाणी ओतलं होतं. आणि मी कोणाला सांगितलं नाही."

ओल्या केसांतून पाणी तिच्या पाठीवर गळत होतं. मग तुझ्याकडे वळून म्हणाली, "मग तू मला सॉरी का म्हणायचीस? रोज झोपताना?"

तू म्हणालीस, "मला वाटायचं, माझ्यामुळे झालं."

रोज झोपताना. ते तू मला एकाही पत्रात लिहिलं नव्हतंस.

मी खाली बसले, गुडघे दुखतात तरी बसले, आणि तिला म्हटलं, "चुकलं माझं, बाळा. मला माफ कर." तर ती मान हलवून म्हणाली, "मला कशाला? मला तर तेव्हाच बरं वाटलं. आईला म्हण."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी पानं लिहिली मी तुला. जवस कसा शिजवायचा ते लिहिलं, मोजा धुऊन घे लिहिलं, काय घडलं ते मिनिटामिनिटाने लिहिलं. तो एक शब्द मात्र कुठेच लिहिला नव्हता. सात वर्षांच्या पोरीने तो माझ्याकडून मागून घेतला, तोही तुझ्यासाठी.

बाथरूममध्ये मी तुला म्हटलं ते तू ऐकलंस, "बरं" म्हणालीस आणि टॉवेल घ्यायला आत गेलीस. बऱ्याच वेळाने परत आलीस. पण पाण्याच्या आवाजात म्हटलेला शब्द पुरेसा नसतो, आणि मी गप्प बसून जे बिघडवलं ते कागदावर लिहून दिलेलं बरं, म्हणजे उद्या मीही ते नाकारू शकणार नाही.

त्या दिवशी पाणी मी ओतलं. खोटं मी बोलले. तू चांगली आई होतीस, तेव्हाही आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी. सुनबाई, मला माफ कर.